मुंबईत नोकरी, डोंगराशेजारी घर: बिऱ्हाड हलवण्याआधी

पावसाळ्यात राजमाचीला जाऊन आलेलं माणूस रविवारी संध्याकाळी कर्जत स्टेशनवर वडापाव खाताना हमखास म्हणतं, "इथेच राहायला यायला पाहिजे." आम्हीही म्हटलं होतं, पण सोमवारी कामावर गेल्यावरही आमच्या डोक्यातून ते गेलं नाही. भांडुपची दोन खोल्यांची जागा भाड्याने देऊन नवरा, मी, दोन मुलं आणि सासूबाई असे पाच जण कर्जतला आलो, त्याला आता सहा पावसाळे झाले. तेव्हापासून ओळखीचे आणि ओळखीच्यांचे ओळखीचे फोन करून विचारतात, "आम्ही यावं का?" तेच ते सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाच लिहून काढते आहे.

सुरुवातीला एक काम करा. जुलैतला एक बुधवार डोळ्यांसमोर आणा. रात्रीपासून कोसळतोय, गाड्या पाऊण तास उशिरा आहेत, वीज पहाटेच गेली आहे, धाकट्याला ताप आहे आणि तुम्ही ठाण्यात ऑफिसमध्ये बसला आहात. खाली लिहिलेलं सगळं या बुधवारी जमेल का, एवढंच विचारत चला. डिसेंबरातलं धुकं बघून ठरवलेली घरं मी दोन वर्षांत रिकामी होताना बघितली आहेत.

पहिली पायरी: घाटाखाली की घाटावर?

"मुंबईजवळचं डोंगरातलं गाव" म्हणताना बहुतेकांची गल्लत होते ती इथे. कर्जत, नेरळ, खोपोली, कसारा ही घाटाखालची गावं. लोणावळा, खंडाळा, इगतपुरी घाटावरची. थंड हवा घाटावर आहे आणि लोकल घाटाखाली थांबते. दोन्ही एकाच ठिकाणी मिळत नाहीत, हे आधी मनाशी पक्कं करा.

कर्जतला चारही बाजूंनी डोंगर दिसतात, पण गाव स्वतः खोलगट भागात आहे. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो, समुद्राचं वारं पोचत नाही, आणि मुंबईहून "थंड हवेला" आलेला पाहुणा दुपारी दोन वाजता पंख्याखाली बनियनवर बसलेला असतो. लोणावळा साधारण ६२० मीटर उंचीवर, तिथला मे महिना खरंच सुसह्य. पण मुंबईहून लोणावळ्याला लोकल नाही, आणि त्याचं कारण डोंगरातच आहे. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटाच्या मार्गात चढ ३७ फुटांना एक फूट इतका आहे. अजूनही वर चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं जोडावी लागतात. तुम्ही जो वडापाव खाता तो त्याच थांब्याच्या कृपेने.

म्हणजे लोणावळ्याहून रोज मुंबई करायची तर पुण्याहून येणाऱ्या एक्स्प्रेस गाड्यांवर जगायचं. डेक्कन क्वीन १९३० पासून धावते आहे आणि तिच्यावर आयुष्य काढलेली माणसं आहेत. पण ती पुण्याहून सव्वासातला निघून सीएसएमटीला साडेदहाच्या सुमारास पोचते आणि संध्याकाळी पाच-दहाला परत निघते. अकरा ते साडेचार एवढंच ऑफिस असलेला साहेब मला तरी अजून भेटलेला नाही. दुसऱ्या गाड्या आहेत, त्यांच्या वेळा तुमच्या कामाशी जुळतात का ते कागदावर मांडा. आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जायचं असेल तर लोणावळ्यासारखं सुख नाही. रोज जायचं असेल तर नाद सोडा. इगतपुरीचंही तसंच, तिथे सकाळ-संध्याकाळ पंचवटी एक्स्प्रेसवर भिस्त.

कसारा लोकलचं शेवटचं स्टेशन, सीएसएमटीपासून १२१ किलोमीटर. निसर्ग अफाट, पण शाळा-दवाखान्यासाठी शहापूर, नाहीतर थेट कल्याण गाठावं लागतं. खोपोलीला घाट अगदी अंगावर येतो, गाव मोठं आहे, बाजार चांगला आहे, पण कर्जत ते खोपोली मार्ग एकेरी असल्यामुळे गाड्या मोजक्याच. एक चुकली की पुढचीची वाट बघा किंवा कर्जतहून रस्त्याने जा. पनवेल-नवी मुंबईकडे काम असणाऱ्यांना मात्र खोपोली रस्त्याने सोयीची पडते.

नेरळ कर्जतच्या अलीकडे, म्हणजे जाताना-येताना प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटं वाचतात. वर माथेरान. कोणीतरी दरवेळी विचारतंच, म्हणून माथेरानविषयीही सांगते. गाडी दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते, पुढे खासगी मोटारींना बंदी. सिलिंडर, किराणा, कपाट, सगळं घोड्यावर नाहीतर माणसाच्या डोक्यावर. मिनी ट्रेन पावसाळ्यात नेरळपासून चालत नाही, फक्त अमन लॉज ते माथेरान फेऱ्या होतात. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि छान राहतात, पण त्यांचं काम तिथेच असतं.

दुसरी पायरी: दारापासून दारापर्यंत

कर्जत ते सीएसएमटी शंभर किलोमीटर, जलद लोकलला दोन तास आणि वर थोडी मिनिटं. जाहिरातीत हाच आकडा असतो. माझ्या नवऱ्याचं ऑफिस फोर्टात. घर ते स्टेशन पंधरा मिनिटं, गाडीच्या आधी दहा मिनिटं पोचायचं, गाडीत दोन तास दहा मिनिटं, पुढे चालत बारा मिनिटं. एका बाजूने पावणेतीन तास, दोन्ही बाजू धरून साडेपाच. पाच दिवसांचे साडेसत्तावीस तास झाले. तो आठवड्यातून तीनच दिवस जातो म्हणून आमचा संसार टिकला, असं मी थट्टेत म्हणते. त्यात थट्टा थोडीच असते.

माझं काम ठाण्यात. कर्जत-ठाणे सव्वा तासाच्या आसपास. हा फरक लक्षात घ्या, कारण सगळी गोम यातच आहे. काम कल्याण, ठाणे, मुलुंड, भांडुप, घाटकोपर या पट्ट्यात असेल किंवा ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ऐरोली-घणसोलीला असेल तर कर्जत-नेरळ जमतं. अंधेरीला असेल तर घाटकोपरला उतरून मेट्रो, म्हणजे आणखी पाऊण तास. बीकेसीसाठी कुर्ल्याला उतरून बस किंवा शेअर रिक्षा, आणि पावसात कुर्ला स्टेशनबाहेर काय होतं ते मुंबईकराला सांगायला नको. लोअर परळ, वरळी, चर्चगेट रोज करायचं म्हणत असाल तर आधी घरच्यांना विचारा, तुमचं तोंड बघायची त्यांना कितपत गरज आहे.

गाडीतले काही व्यवहार नवख्याला कळायला सहा महिने लागतात, तुमचे वाचवते. कर्जतहून सुटणारी गाडी सकाळी रिकामी लागते, खिडकी मिळते, दोन तास झोप किंवा वाचन होतं. बदलापूरपासून गर्दी, अंबरनाथनंतर पाय ठेवायला जागा नाही. ठाण्याला उतरणाऱ्याने बसून राहायचं नाही, डोंबिवली आली की उठून दाराकडे सरकायला सुरुवात करायची, नाहीतर थेट घाटकोपर. संध्याकाळी सीएसएमटीहून चढणाऱ्याला जागा मिळण्याची आशा असते. दादर-ठाण्याहून चढलात तर बदलापूरपर्यंत उभं राहायची तयारी ठेवा, तिथे गाडी हलकी होते. आणि ठरलेल्या डब्यात ठरलेल्या जागी बसणारे ग्रुप असतात. सुरुवातीला ते तुम्हाला उपरे समजतात, पण तीन महिन्यांनी तुम्ही आला नाहीत तर फोन करतात. मुलाच्या बारावीच्या क्लासपासून भाजणीच्या पिठापर्यंत माझं अर्धं कर्जत मला लेडीज डब्यातच सापडलं.

उशिरांचं कारणही समजून घ्या, म्हणजे चिडचिड कमी होते. कल्याणच्या पुढे कर्जतकडे दोनच रूळ आजवर सगळं ओझं वाहत आले आहेत. लोकल, मेल-एक्स्प्रेस, मालगाडी सगळ्यांना तेच. मेल आली की लोकल बाजूला उभी. कल्याणपर्यंत वेळेत आलेली गाडी वांगणीला वीस मिनिटं उशिरा असते ती यामुळे. नवीन मार्गिकांची कामं चालू आहेत. पनवेल-कर्जत असा वेगळा उपनगरी मार्गही एमयूटीपी-३ या मुंबईच्या रेल्वेविस्ताराच्या योजनेत आहे, चिखले, मोहापे, चौक अशी स्टेशनं त्यावर. घर विकणारा तुम्हाला तो मार्ग आणि नवी मुंबईचा विमानतळ दोन्ही एका दमात ऐकवेल. ज्या दिवशी तुमच्या वेळेची गाडी त्यावर धावताना स्वतः बघाल, त्या दिवसापासून ती हिशेबात धरा.

प्रयोग करून बघा. शनिवार-रविवारचा नाही, सोमवार ते शुक्रवार, आणि जुलैत. कर्जतला एखाद्या साध्या लॉजवर किंवा ओळखीच्यांकडे पाच रात्री राहा आणि रोज कामाला जा. बायकोने किंवा नवऱ्याने, ज्याचा प्रवास लांबचा त्याने तर केलाच पाहिजे. आमच्या एका स्नेह्यांनी मंगळवारीच बेत रद्द केला. चार हजारांत सुटले बिचारे.

तिसरी पायरी: घरी राहणाऱ्याचा विचार

सगळे चर्चा प्रवास करणाऱ्याची करतात. माझ्या मते गाव लाभतं की नाही हे घरी राहणारा ठरवतो.

नवरा-बायको दोघंही मुंबईकडे जात असाल तर मुलाला शाळेत काही लागलं, तर दोन तासांच्या आत कोण पोचणार? आमच्याकडे सासूबाई होत्या म्हणून निभावलं. भांडुपच्या चाळीत शेजारीण न सांगता मुलाला जेवू घालायची. इथे नव्या सोसायटीत अर्धे फ्लॅट शनिवार-रविवारपुरते उघडतात. संध्याकाळी मजल्यावर एकच दिवा. म्हणून घर बघताना वॉचमनला विचारा, रोज राहणारी कुटुंबं किती? निम्म्यापेक्षा कमी असतील तर दुसरी इमारत बघा. पाळणाघर आधी शोधा, घर नंतर.

सासूबाईंना पहिले चार महिने करमेना. देऊळ चालत जाण्याइतकं जवळ निघालं आणि तिथे मंगळवारचं भजन सापडलं, तेव्हा त्या रुळल्या. म्हातारं माणूस बरोबर असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरचा व्हॅली व्ह्यू त्यांना काही कामाचा नाही. लिफ्टला बॅकअप आहे का ते विचारा.

शाळा: मराठी, सेमी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा कर्जत, नेरळ, खोपोलीत आहेत. राज्य मंडळाच्या शाळेतून राज्य मंडळाच्या शाळेत जाणं सोपं. जुन्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रक एप्रिलच्या अखेरीस, निकाल लागल्याबरोबर काढा. मे महिन्यात शाळेचं कार्यालय उघडं असेल या भरवशावर राहू नका, आम्ही तीन खेपा घातल्या. मूल आठवीपर्यंत असेल तर बदल सहज पचतो. नववी-दहावीत हलवू नका. अकरावीनंतर बरीच मुलं बदलापूर-उल्हासनगर-कल्याणच्या कॉलेजांकडे जातात, म्हणजे तुमच्या घरात एक पासधारक वाढला असं समजा. विद्यार्थ्यांना पासात सवलत असते, त्यासाठी कॉलेजचं पत्र लागतं.

दवाखाना: कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, खासगी दवाखाने आहेत, बालरोगतज्ज्ञ आहेत. मोठ्या शस्त्रक्रियेला, हृदयविकाराला पनवेल, कल्याण किंवा मुंबई. घरात कोणाला डायलिसिस, केमो किंवा वरचेवर तपासण्या असतील तर मी येऊ नका म्हणेन. १०८ ला फोन करायचा हे घरातल्या सगळ्यांना पाठ हवं.

आणि साप. मुंबईकर हसतात, पण हा भाग डोंगरपायथ्याचा, भातशेतीचा आहे. घोणस, फुरसं, मण्यार, नाग हे चारही विषारी साप या पट्ट्यात आहेत. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावल्याचं कळतही नाही, म्हणून पावसाळ्यात खाली अंथरूण घालायचं नाही, पलंग किंवा निदान मच्छरदाणी खोचलेली गादी. बूट झटकून घालायचे, रात्री अंगणात बॅटरीशिवाय जायचं नाही. चावलंच तर दोरी आवळू नका, कापू नका, मांत्रिक नको. हातपाय हलू न देता सरळ रुग्णालयात. प्रतिसर्पविष कुठल्या रुग्णालयात असतं ते राहायला आल्याच्या पहिल्या आठवड्यात स्वतः जाऊन विचारून ठेवा.

चौथी पायरी: पहिला पावसाळा भाड्याच्या घरात

ही पायरी गाळलीत तर बाकीच्या वाचल्या काय, न वाचल्या काय. मुंबईतली जागा विकू नका, भाड्याने द्या. इथे अकरा महिन्यांचा करार करा आणि त्यात जून ते सप्टेंबर येतीलच असं बघा. कराराची नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. इथले काही मालक "आपल्यात कशाला ते" म्हणतात, त्यांना हसून नोंदणीच करायला लावा. शाळेच्या प्रवेशाला, गॅसच्या बदलीला, आधारवरचा पत्ता बदलायला तोच कागद लागतो.

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात सामान हलवा. जूनमध्ये हलवायचं म्हणाल तर पहिल्याच सरीत गाद्या भिजतील. टेम्पोवाला मुंबईतूनच ठरवा, आणि शुक्रवारी दुपारनंतर, शनिवारी सकाळी कधीच नको, कारण तेव्हा सगळी मुंबई याच रस्त्याने सुट्टीला निघालेली असते.

आल्या आल्या आगोटीची खरेदी. शहरात हा शब्दच उरलेला नाही. पावसाच्या आधी तांदूळ, डाळी, कांदे-बटाटे, सुकी मासळी, पापड-कुरडया, मसाला भरून ठेवायचा. दुकानं पावसाळ्यात बंद नसतात, पण मुसळधार पावसात चार दिवस भाजी गावात येत नाही आणि कांदा कुजलेला मिळतो. तांदूळ इथल्याच शेतकऱ्याकडून घ्या. कर्जतला भात संशोधन केंद्र आहे आणि इथून निघालेले वाण अख्ख्या कोकणात लावतात.

घर ओलं होतं, पण मुंबईत होतं तसं नाही. इकडचा पाऊस मुंबईहून बराच जास्त धरा, घाटावर त्याहून जास्त. झड पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येते, तेव्हा त्या बाजूच्या भिंतीवर हात फिरवून बघा, खिडक्यांवर छज्जा किती पुढे आला आहे ते बघा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. चामड्याच्या चपला, लोकरीचे कपडे, लग्नाचे अल्बम यांना आठवड्यात बुरशी येते. आम्ही कपाटात एक छोटा बल्ब लावून ठेवतो. कपडे वाळवायला घरात दोऱ्या हव्यात, त्यासाठी एक खोली गेलीच असं समजा.

वीज पावसाळ्यात जाते. फांदी पडते, इन्सुलेटर फुटतो, महावितरणची माणसं भर पावसात खांबावर चढतात, त्यांना शिव्या घालू नका. १९४२ च्या चळवळीत माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचा आझाद दस्ता मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडत होते. या डोंगरातून मुंबईला गेलं शतकभर वीज जाते आहे, खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ सालचं, भिवपुरीचं १९२२ चं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. घरून काम करणाऱ्याने इन्व्हर्टर, दोन वेगळ्या कंपन्यांची सिम आणि फायबर, तिन्ही ठेवायचं. फायबर घेण्याआधी ज्या खोलीत बसून काम करणार तिथे मोबाइलची रेंज बघा, डोंगराच्या कुशीतल्या घरात ती खिडकीपाशी असते आणि टेबलापाशी नसते.

पाण्याची गंमत अशी की जुलैत डोळे मिटून आंघोळ करावी इतकं पाणी आणि एप्रिलमध्ये टँकर. घर बघायला पावसाळ्यात गेलात तर नळाला पाणी येणारच. शेजाऱ्याला विचारा, "मे महिन्यात टँकरचे किती भरता?" तो आकडा महिन्याच्या खर्चात लिहा. बोअरचं पाणी असेल तर एकदा तपासून घ्या.

आणि गाड्या बंद पडतात, पडतातच. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली आणि हजारावर माणसांना बोटींतून काढावं लागलं. जुलै २०२१ मध्ये कसारा घाटाकडचे रूळ वाहून गेले. असा दिवस दर वर्षी नसतो, पण वर्षातून तीन-चार दिवस तुम्ही घरी पोचणार नाही. त्यासाठी डोंबिवली-ठाण्यात एक हक्काचं घर, ऑफिसात एक जोड कपडे आणि घरात दोन दिवसांची औषधं. आमची आत्या डोंबिवलीला राहते. सहा वर्षांत पाच वेळा तिच्याकडे उतरलोय, दर वेळी ती पिठलं-भात करते आणि दर वेळी म्हणते, "कशाला गेलात रे तिकडे."

पाचवी पायरी: विकत घ्यायचंच असेल तर

पावसाळा काढलात, अजून राहायचं आहे, मग घर शोधा. स्टेशनपासूनचं अंतर स्वतः चालून मोजा. "स्टेशनपासून पाच मिनिटं" म्हणजे रात्री दोन वाजता मोटरसायकलवर पाच मिनिटं. रात्री अकरानंतर रिक्षा मिळत नाही किंवा मागेल ते द्यावं लागतं. दोन किलोमीटरच्या आत घर, नाहीतर स्टेशनच्या पार्किंगला मासिक पासावर दुचाकी. दहा किलोमीटर आत नदीकाठी दिलेला स्वस्त बंगला हा रोज नोकरी करणाऱ्यासाठी नाही. तो सुट्टीतल्यांसाठी आहे, आणि त्यांच्या शनिवारच्या स्पीकरचा त्रास तुम्हाला होईल.

नदी आणि उतार या दोन गोष्टी पाऊस नसताना दिसत नाहीत. नगरपरिषदेत किंवा पाटबंधारे खात्यात निळी आणि लाल पूररेषा विचारा. त्याहून सोपं म्हणजे २००५, २०१९, २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते तीन वेगवेगळ्या दुकानदारांना विचारा. उताराच्या बाबतीत मी भीती घालते असं लोक म्हणतात, म्हणोत. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ती वाडी तिथे पिढ्यांपासून होती. नवी इमारत डोंगर कापून बांधली असेल, मागे उभा कापलेला कडा असेल, संरक्षक भिंतीला पाणी निघायची भोकं नसतील, किंवा झाडं एका बाजूला कललेली दिसत असतील, तर कितीही स्वस्त असो, पुढे चला.

फ्लॅट असेल तर महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेचा, नोंदणी क्रमांक तिच्या वेबसाइटवर टाकून बघा. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे, बाकीच्यांना ती लागते. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर बँकच पुढचं विचारेल.

जमीन किंवा प्लॉट असेल तर सावकाश. स्वस्तात गुंठ्यावर प्लॉट विकणारे फलक स्टेशनपासूनच सुरू होतात. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि फलकावर दिसत नाही ते सातबाऱ्यावर असतं. जमीन बिनशेती आहे का? नसेल तर महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, १९४८ च्या कूळकायद्याने. भोगवटादार वर्ग-१ की वर्ग-२? वर्ग-२ असेल तर परवानगीशिवाय हस्तांतर नाही. आदिवासींची जमीन या तालुक्यात भरपूर आहे आणि ती बिगर आदिवासीला सरकारी परवानगीवाचून घेता येत नाही. "त्यांची सही आहे" याला काही अर्थ नाही, आणि नैतिकदृष्ट्याही त्यात पडू नये असं मला वाटतं. इतर अधिकाराच्या रकान्यात "खाजगी वन" अशी नोंद आहे का बघा, १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याचं ते शेपूट रायगडात अनेक सर्व्हे नंबरांना चिकटलेलं आहे. माथेरानभोवतीचा मोठा पट्टा २००३ पासून पर्यावरण संवेदनशील आहे, तिथे बांधकामाला वेगळे नियम. पाच-दहा जणांची नावं एकाच सामाईक सातबाऱ्यावर चढवून "तुमचा तुकडा हा" असं बोटाने दाखवतात, त्याला भुलू नका. फेरफार, म्हणजे जमिनीची मालकी बदलत गेल्याच्या नोंदी, तीस वर्षांपर्यंत मागे जाऊन वाचून देणारा कर्जतचाच वकील धरा, मुंबईचा नको. त्याला सर्व्हे नंबर ऐकूनच कळतं की भानगड काय आहे.

सहावी, छोटी

गावात आलात की "आम्ही मुंबईचे" हे वाक्य कमी वापरा. ग्रामदैवताच्या पालखीला उभे राहा, वर्गणी द्या, २ जानेवारीला सिद्धगडावरच्या हुतात्म्यांना, म्हणजे भाई कोतवाल आणि त्यांच्या साथीदाराला, मानवंदना असते तिला एकदा मुलांना घेऊन जा. कातकरी बायका पावसाळ्यात रानभाज्या घेऊन बसतात, टाकळा, कुर्डू, शेवळं. शेवळं कशी करायची ते त्यांनाच विचारा. काकडं (आंबट रानफळं) किंवा चिंच घातल्याशिवाय घसा खाजतो, हे मला एकदा न विचारल्यामुळे कळलं.

पास मात्र आधी एकच महिन्याचा काढा. तिमाही पास मासिकाच्या तिप्पट नाही, पावणेतीन पटीहूनही जरा कमीत पडतो, म्हणून सगळे पहिल्या दिवशीच तो काढतात आणि दुसऱ्या महिन्यात ऑफिस बदलतं, नाहीतर मन. लोणावळा-इगतपुरीवाल्यांनाही पास मिळतो, मर्यादा १५० किलोमीटरची आहे. पण सुपरफास्टचा अधिभार वेगळा भरावा लागतो आणि पासधारकांनी ठरलेल्या डब्यातच चढायचं असतं. ते डबे फलाटावर नेमके कुठे लागतात, हे आदल्या संध्याकाळी तिथल्या कॅन्टीनवाल्याला विचारून ठेवा.